तेवीसचा आकडा आणि हिरवी बी

पहिल्या पिकाच्या वेळची गोष्ट. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकला, नळी उजेडाकडे धरली, आणि निळ्या-पांढऱ्याची सीमा बरोबर २३ वर आलेली दिसली. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा माप. कॅबर्ने सोव्हिन्यों या वाइनच्या काळ्या द्राक्षासाठी २३ ब्रिक्स म्हणजे काढणी, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. दोन दिवसांत सगळी कॅबर्ने उतरवली. घड काळेभोर होते, चव गोड होती, मी खुशीत होतो. आमची द्राक्षं ज्या स्नेह्याकडे वाइनसाठी जातात, त्याने क्रेटमधला एक मणी तोंडात टाकला, बी जिभेने वेगळी केली आणि तळहातावर काढून माझ्यापुढे धरली. बी हिरवी होती.

"साखर आलीय," तो म्हणाला, "द्राक्ष यायचं होतं अजून."

ती वाइन वर्षभराने चाखली तेव्हा त्याचं म्हणणं कळलं. नाकाला ढोबळी मिरचीचा वास, आणि हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा. २३ ब्रिक्सच्या रसातून साधारण १३ टक्के अल्कोहोल तयार होतं; माझं त्याहून थोडं कमी भरलं, तरी पुरेसं होतं. पण प्यायला मन होईना. तीन वर्षं पाणी घालून, बांधून, फवारून वाढवलेल्या वेलींचं पहिलं पीक मी एका आकड्याच्या भरवशावर कच्चं तोडलं होतं. ते मला फार लागलं.

त्यानंतर आणखी तीन पिकं घेतली. द्राक्ष पिकतं म्हणजे नेमकं काय काय होतं, आणि तिन्ही जातींत ते कसं निरनिराळ्या क्रमाने होतं, हे त्या तीन पिकांत हळूहळू समजत गेलं. तेच इथे लिहितो आहे.

बाग लहान आहे. अर्धा एकर, हलका उतार, १८ ओळी. ओळींत अडीच मीटर, वेलींत सव्वा मीटर, म्हणजे सहाशेच्या थोड्या वर वेली. सहा ओळी शेनिन ब्लां, सहा शिराझ, सहा कॅबर्ने सोव्हिन्यों. सगळी कलमं ११० आर या खुंटावर, म्हणजे मुळं त्याची आणि वरची वेल आपल्या जातीची. युरोपी जातीची द्राक्षवेल स्वतःच्या मुळांवर लावायचं धाडस बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतून युरोपात गेलेल्या फायलोक्झेरा या मुळांवरच्या किडीने तिथले मळे उद्ध्वस्त केले, आणि त्यावर अमेरिकी वेलींच्या खुंटावर कलम हाच उपाय टिकला. ११० आर मी घेतला तो त्याची मुळं खोल जातात आणि कमी पाण्यात तो तग धरतो म्हणून. तो वेलीला जोम देतो आणि पीक थोडं लांबवतो हे लक्षात घ्यायला हवं होतं. वरच्या हलक्या जमिनीत त्याने साथ दिली. खालच्या टोकाला माती खोल आहे, तिथे त्याच खुंटाने मला दमवलं. ते पुढे येईलच.

एक गोष्ट मी उशिरा शिकलो: पिकण्याची सुरुवात छाटणीला होते. आपण डोळे किती राखतो, त्यातून काड्या किती फुटतात आणि त्यांवर घड किती राहतात, यावर शेवटची साखर, रंग आणि बी सगळं अवलंबून असतं. यंदाच्या डोळ्यांतला घड तर मागच्या हंगामातच ठरलेला असतो. सूक्ष्म घडनिर्मिती होते तेव्हा डोळ्यावर ऊन पडलं नसेल तर पुढच्या वर्षी त्या डोळ्यातून वांझ फूट निघते. पहिल्या दोन वर्षांत मी काड्यांची गर्दी होऊ दिली, कारण हिरवीगार बाग बघायला बरं वाटायचं. आता ओलांड्याच्या, म्हणजे तारेवर आडव्या नेलेल्या खोडाच्या, एका मीटरवर १२ ते १५ काड्या ठेवतो, बाकीची फूट बोटभर असतानाच काढून टाकतो. बोटभर असताना ती नुसत्या अंगठ्याने सुटते, जखमही होत नाही. हातभर झाली की कात्री लागते आणि मनही जड होतं.

काड्या उभ्या चढवून जोडतारांच्या मध्ये अडकवायच्या. एका काडीवर १२ ते १५ निरोगी पानं असली की तिच्यावरचे एक-दोन घड नीट पिकतात. पानं आठ-नऊच असतील तर घड गोड व्हायला रडवतात. आणि काडी तारांच्या वर जाऊन लोंबायला लागली तर शेंड्यालाच अन्न जात राहतं, शिवाय खालच्या पानांवर सावली पडते. म्हणून शेंडा मारायचा. पण घाईने मारला तर बगलफूट इतकी उसळते की पुन्हा जंगल होतं. मी काडी वरच्या तारेच्या वीतभर वर गेल्यावर मारतो.

फुलोरा चार-पाच दिवस बागेत मुक्काम करावा असा असतो. द्राक्षाचं फूल पाकळ्या उघडत नाही, वरची हिरवी टोपी बुडापासून सुटून गळून पडते. सकाळी घडाखाली तळहात धरून हलकी टिचकी मारली तर त्या टोप्या तळव्यावर पडतात, खसखशीपेक्षा थोड्या मोठ्या. वास मंद, पण सहाशे वेलींचा मिळून वारा नसताना चांगलाच दरवळतो. मी माझे दिवस इथून मोजतो. छाटणीपासून मोजणारेही आहेत, पण फूट निघायला हवेप्रमाणे मागेपुढे होतं. फुलोऱ्यापासूनचा हिशोब मला जास्त विश्वासाचा वाटतो.

मणी सेट झाल्यावरच्या, म्हणजे फुलातून बारीक मणी धरल्यावरच्या, कामांत सगळ्यात मोठी चूक केली ती पानकाढणीत. दुसऱ्या पिकाला मला घडावर ऊन पाहिजे होतं. ढोबळी मिरचीचा जो वास पहिल्या वाइनला आला होता, तो पायराझिन नावाच्या द्रव्यांचा. कॅबर्नेत ती असतातच. घड हिरवा असताना त्यावर उजेड पडला तर ती कमी साठतात, आणि पुढे मणी पिकताना उतरत जातात. हे कळल्यावर मी दोन्ही बाजूंची पानं घडाभोवतीने साफ केली. तीही कधी, तर मण्यांत पाणी उतरायला, म्हणजे टणक मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर. इतके दिवस सावलीत वाढलेली ती कोवळी साल दुपारच्या उन्हाला एकदम उघडी पडली. तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडच्या घडांवर तांबूस चट्टे आले, आठवड्यात ते मणी चामड्यासारखे झाले. मी ओळीतून चालत होतो आणि पूर्वेकडून बाग सुंदर दिसत होती. वळून परत येताना तीच ओळ भाजलेली. शिराझचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यात गेला.

आता पानकाढणी मणी मिरीएवढे असतानाच करतो, आणि फक्त सकाळच्या उन्हाची बाजू उघडतो. आमच्या ओळी दक्षिणोत्तर आहेत, त्यामुळे हे सोपं जातं. लहानपणापासून ऊन खाल्लेली साल जाड होते, तिला पुढे चटका सोसतो. पश्चिमेची पानं तशीच राहतात. दुपारी घडावर हलकी, हलती सावली असावी, गडद नको. मी ओळीसमोर उभा राहून बघतो: पलीकडचा उजेड पानांच्या फटींतून ठिपक्यांसारखा दिसला की पुरे.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. सेटिंग झाल्यापासून पाणी उतरेपर्यंत मी हात आखडता घेतो. वेल सुकवायची नाही, पण शेंडे थांबले पाहिजेत. टोकाचे ताणे वाळून गळायला लागले की समजावं, वाढ थांबली. याच काळात पाणी भरपूर दिलं तर मणी मोठा होतो, आणि वाइनच्या द्राक्षाला मोठा मणी नको असतो. रंग, वास, तुरटपणा बहुतेक सालीत असतो. मणी लहान तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. खाण्याच्या द्राक्षाचे डोळे घेऊन या बागेत आलात तर हे घड किरकोळ वाटतील. माझ्या कॅबर्नेचा मणी सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतो.

मग एक दिवस पाणी उतरतं. फुलोऱ्यानंतर साठेक दिवस झाले की मी रोज सकाळी एक फेरी मारतो आणि घड बोटांनी चाचपतो. आदल्या दिवशीपर्यंत मणी हरभऱ्यासारखा टणक असतो. त्या सकाळी एखादा दबतो. कॅबर्नेत एका घडावर एकच मणी गुलाबी होतो, बाकी सगळे हिरवे. दुसऱ्या दिवशी सात-आठ, आठवड्या-दीड आठवड्यात सगळा घड जांभळा. शेनिनला रंग नाही, तिथे हातच लागतो. फार तर मणी थोडा पारदर्शक होतो आणि उजेडात आतली बी सावलीसारखी दिसते. याच वेळी सगळं उलटं फिरतं. तोवर आंबटपणा साठत होता, तो उतरायला लागतो. साखर चढायला लागते.

पण एकाच वेलीवरचे सगळे घड एकाच दिवशी वळत नाहीत. इथे विरळणीचा दुसरा हात फिरवावा लागतो. पाचांतले चार घड रंगलेले असताना जे हिरवे मागे राहिलेत, ते काढून टाकायचे. ते शेवटपर्यंत दहा-बारा दिवस मागेच राहतात, आणि क्रेटमध्ये पडले की सगळ्या मालाला हिरवट करतात. हे काम मी पहिल्यांदा केलं तेव्हा वडील बांधावर उभे होते. खाली पडलेल्या घडांकडे बघून म्हणाले, "अरे, हातचं पीक मातीत टाकतोयस."

"नाना, हे राहिले तर बाकीचे खराब करतील."

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने दुसरी कात्री घेऊन पलीकडच्या ओळीला लागले. त्यांचा हात माझ्यापेक्षा निवडक आहे. मी रंग बघतो, ते देठ वाकवून बघतात आणि मग ठरवतात. आता हे काम तेच करतात.

पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंतचे आठवडे माझ्या जिवाला घोर असतो, आणि सगळ्यात आनंदही तेव्हाच असतो.

आधी नमुना घ्यायची रीत सांगतो, कारण पहिल्या वर्षीचा २३ चा आकडा मुळातच खोटा होता. मी ओळीतून चालत चांगले दिसणारे मणी तोडत होतो. डोळा आपोआप काळ्या, उन्हातल्या, घडाच्या खांद्यावरच्या मण्याकडे जातो. खांद्यावरचा मणी २४ असतो तेव्हा त्याच घडाच्या टोकाचा २१ असू शकतो. माझा खरा सरासरी आकडा त्या दिवशी दोनेक अंशांनी खाली असणार. आता ओळीच्या टोकाच्या वेली सोडतो, एकदा ओळीच्या या बाजूने आणि एकदा त्या बाजूने चालतो, घडाकडे न बघता हात घालतो. एका घडाचा वरचा मणी, पुढच्याचा मधला, त्याच्या पुढच्याचा टोकाचा. जातीमागे २०० मणी, पिशवीत. सकाळी, पण दव वाळल्यावर, आणि दर वेळी त्याच सुमारास. घरी सावलीत बसून १०० मणी मोजून वजन करायचं, मग सगळे पिशवीतच चुरडून रस गाळायचा. रिफ्रॅक्टोमीटर आधी शुद्ध पाण्याने शून्यावर आणायचा. मग ब्रिक्स, मग पीएच (हा आकडा जेवढा वर, तेवढा आंबटपणा कमी). आंबटपणाची मोजणी आठवड्यातून एकदा.

वजनाची सवय दुसऱ्या पिकापासून लागली होती, पण त्या आकड्यात काय दडलंय ते कळायला शिराझचं नुकसान व्हावं लागलं. पहिल्या वर्षी हिरव्या बीचा धडा मिळाला होता, म्हणून दुसऱ्या वर्षी ठरवलं, आता थांबायचं. शिराझ २२.४ ला आली तेव्हा मी थांबलो. आठवड्याने २५.२. मला वाटलं, काय झपाट्याने पिकतेय. मणी जरा सैल पडले होते, सालीला बारीक सुरकुत्या होत्या, पण आकडा चढत होता. आणखी दोन दिवसांनी उतरवली. रस काढल्यावर पीएच ३.९. इतक्या पीएचला रंग निस्तेज होतो, वाइन टिकवायला घालतात त्या गंधकाचं संरक्षण कमी पडतं, जंतूंना मोकळं रान मिळतं. स्नेही रात्रभर जागा राहिला त्या मालापायी. वाइन झाली ती जड, सपाट, मुरंब्यासारखी.

त्या रात्री मी वही उघडून बसलो. पहिल्या नमुन्याचे १०० मणी १३८ ग्रॅम, ब्रिक्स २२.४. दुसऱ्याचे १०० मणी १२१ ग्रॅम, ब्रिक्स २५.२. गुणून पाहिलं. १३८ ग्रॅमचे २२.४ टक्के म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. १२१ चे २५.२ टक्के म्हणजे साडेतीस. आठवडाभरात मण्यांत साखरेचा कणही वाढला नव्हता. वेलीने पाठवणं कधीच थांबवलं होतं; फक्त पाणी उडून गेलं होतं आणि मी त्याला पिकणं म्हणत होतो. शिराझची ही खोडच आहे. एका टप्प्यानंतर तिचा मणी वेलीवरच सुकायला लागतो, आणि आकडा बघणाऱ्याला तो चढताना दिसतो. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवला: शंभर मण्यांतली साखर. तो सलग दोन नमुन्यांत हलला नाही तर शिराझ थांबवायची नाही.

आंबटपणाचंही तिथेच उलगडलं. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिक मात्र मणी स्वतःच जाळत जातो, आणि हवा जेवढी तापेल तेवढं लवकर. रात्री गार असतील तर ते वाचतं. दिवसाचा पारा ३५ च्या पुढे राहिला तर दुसरंही होतं: सालीत रंग तयार व्हायचा मंदावतो, साखर मात्र चढत राहते. १९४४ मध्ये आमेरीन आणि विंकलर यांनी कॅलिफोर्नियातल्या द्राक्ष प्रदेशांची १० अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेची बेरीज करून विभागणी केली होती. मीही माझ्या बागेची ती बेरीज दोन हंगाम ठेवली. उपयोगी आहे, दोन वर्षांची तुलना करायला तर फारच. पण सरासरीत रात्र दिसत नाही. दोन हंगामांची बेरीज जवळपास सारखी आली आणि शेनिनच्या आंबटपणात जमीन-अस्मानाचा फरक पडला, कारण एका वर्षी रात्री गार होत्या. आता बागेत रात्रीचं किमान तापमान नोंदवणारा तापमापक टांगला आहे आणि मी तोच आधी बघतो.

शेनिनवर माझं मन आहे. ती आंबटपणा सहजी सोडत नाही, म्हणून तापलेल्या हवेतही तिच्यात जीव राहतो. तिचा दोष घडात आहे: मणी इतके दाटीने बसतात की एक तडकला की रस शेजाऱ्यावर, आणि कूज आतल्या आत पसरते, वरून घड ठीकच दिसतो. तिसऱ्या पिकाला काढणीच्या तोंडावर दोन दिवस पाऊस लागला. ब्रिक्स २१ वरून १९ वर आला. मणी पाणी पितात, साखर पातळ होते. मी घाबरून तोडायला निघालो होतो. नाना म्हणाले, "वारा सुटलाय. घड फोडून बघ आधी." प्रत्येक ओळीतले चार-पाच घड उकलून बघितले, आत कोरडे होते. थांबलो. पाच दिवसांनी आकडा परत २१ च्या वर. पण त्या पाच दिवसांत रोज सकाळी घड उकलत होतो, आणि एके ठिकाणी जरी करडी बुरशी दिसली असती तरी त्याच दिवशी काढणी केली असती. तेव्हापासून शेनिनच्या घडांचे खांदे मी सेटिंगनंतर लगेच छाटतो, घड मोकळा होतो. केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्यांचं इथे लांबवत नाही. फक्त एक, गंधकाची फवारणी काढणीच्या महिनाभर आधी बंद. सालीवर राहिलेल्या गंधकातून आंबवताना सडक्या अंड्यांचा वास उठतो.

आता चव. यंत्रं सगळी झाल्यावर शेवटचा शब्द तोंडाचा, हे मी स्नेह्याकडून शिकलो. आधी मणी देठापासून ओढायचा. कच्चा मणी देठाला गराचा हिरवट कुंचला ठेवून निघतो. पिकलेला सहज सुटतो आणि मागे राहिलेला कुंचला जांभळा असतो. मग मणी टाळूवर दाबून रस तेवढा गिळायचा: गोड आणि आंबट यांत कोण आधी पोचतं ते बघायचं. साल गालात ठेवायची. बिया हातावर घ्यायच्या. साल पुढच्या दातांनी दहा-पंधरा वेळा चावायची, मग जीभ टाळूवरून फिरवायची. जीभ अडकत असेल तर साल कच्ची. पिकलेल्या सालीने तोंड कोरडं पडतं, पण जीभ सरकते. मग बी. हिरवी बी दाताखाली चिरडते, मऊसर, आणि कडू-तुरट लगेच घशापर्यंत जातं. हळूहळू ती पिवळसर, मग पाठीवरून तपकिरी होते. पिकलेली बी कडकन फुटते आणि भाजलेल्या दाण्यासारखी लागते. मी २० मण्यांच्या बिया पांढऱ्या बशीत मांडतो आणि तपकिरी किती ते मोजतो. मुलगी लहान असल्यापासून ही मोजणी तिच्याकडे आहे. तिचा आकडा माझ्यापेक्षा नेहमी एक-दोनने कमी येतो, आणि मी तिचाच लिहितो.

एका वेळी २० पेक्षा जास्त मणी चाखू नयेत. तोंड बधिर होतं आणि मग सगळंच पिकलेलं वाटतं.

कॅबर्नेला ही बीची परीक्षा सगळ्यात जास्त लागू पडते. ती उशिरा फुटते, उशिरा पिकते, साल जाड, मणी लहान, बिया मोठ्या. ती कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या नैसर्गिक संकरातून आली, हे १९९० च्या दशकात डीएनए तपासणीतून कळलं. हिरव्या मिरचीचा तो वास तिच्या दोन्ही जन्मदात्यांतही आढळतो. साखर लवकर येते आणि बी मागे राहते ही माझ्या बागेतली तिची अडचण. म्हणून तिच्यावर मी भार कमी करत नेला असं कोणी समजू नये, उलट झालं. तिसऱ्या पिकाला घड फारच कमी ठेवले होते, तर साखर आणखी पळाली आणि बी तिच्या गतीनेच चालली. चौथ्या पिकाला प्रत्येक चांगल्या काडीवर दोन घड ठेवले, तेव्हा साखर सावकाश चढली आणि बीला वेळ मिळाला. कमी पीक म्हणजे चांगलं पीक, हे सरसकट खरं नाही असं माझं मत झालं आहे. वेलीला पेलेल तेवढं द्यावं.

गेल्या हंगामात शेनिन फुलोऱ्यापासून ९८ व्या दिवशी काढली, २१.३ ब्रिक्स, पीएच ३.२८. शिराझ तिच्यानंतर अकरा दिवसांनी, २३.४ आणि ३.५८, शंभर मण्यांतली साखर आदल्या नमुन्याइतकीच होती, सुरकुती अजून पडली नव्हती, त्याच संध्याकाळी क्रेट धुवायला काढले. कॅबर्नेला १२९ वा दिवस उजाडला. २४.१, पीएच ३.६२, वीसपैकी सतरा मण्यांच्या बिया पूर्ण तपकिरी. पहाटे साडेचारला डोक्याला दिवे बांधून सुरुवात केली. गार द्राक्ष हाताला वेगळंच लागतं, घट्ट आणि वजनदार, आणि ऊन वर यायच्या आत ते सावलीत गेलं पाहिजे. आठ वाजता वरच्या बाजूचा सगळा माल उतरला होता.

खालच्या टोकाचा मात्र नाही. तिथली माती खोल, वेली माजलेल्या, शेंडे पाणी उतरल्यावरही चालूच. त्या साठ-सत्तर वेली आठ दिवस मागे ठेवून वेगळ्या काढल्या, तरी बशीत हिरव्या बिया सात राहिल्या. स्नेह्याने तो माल वेगळ्या टाकीत घेतला. हलकी, लवकर प्यायची वाइन होईल म्हणाला. या छाटणीला त्या वेलींना लाल सुतळी बांधून ठेवली आहे. वरच्या बाजूच्या वेलींना काडीमागे दोन डोळे राखले, या वेलींना तीन राखून बघतोय, म्हणजे जोम जास्त काड्यांत वाटला जाईल. ओळींच्या मध्ये गवत वाढू दिलं आहे, ते पाणी ओढेल. दोन वर्षं एवढं करून बघणार. नाही जमलं तर खोडं तशीच ठेवून त्यांवर शेनिनची कलमं बांधायची, तिला त्या मातीत वेळेवर यायला हरकत नसावी. नानांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते एक चर खणून पाण्याचा निचरा केला की कॅबर्नेच येईल, आणि ते कालपासून टोकाला दोरी लावून आखणी करत आहेत.